दहावा चार्ल्स, मुक्काम पापाकुरा

पापाकुरा, १५ मे २०१६

सुनेत्रा,

एप्रिलचं पत्र पोचलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मी नुसता अंगठा पाठवतो आणि तू अंगठ्याला उत्तर मानत नाहीस, असं लिहिलं आहेस. म्हणून कागद घेऊन बसलो. श्यामला तुला दर महिन्याला चार पानं लिहायची. तेवढं मला जमणार नाही. तिला जाऊन सोळा महिने झाले, आणि तुझ्या बहिणीच्या जागी मी लिहिलेलं हे आठवं पत्र.

इकडे सर्व ठीक. थंडी सुरू झाली आहे. समीर सकाळच्या ट्रेनने ऑफिसला जातो. श्रुतीच्या हॉस्पिटलमधल्या पाळ्या बदलत असतात. ओवीला तेरावं लागलं, इरा पाच वर्षांची आहे. दोघींना मराठी सगळं समजतं आणि दोघी उत्तर इंग्रजीत देतात.

काम असं आहे. ओवीला शाळेत एका क्रांतीवर प्रोजेक्ट करायचा आहे. जुलैअखेर द्यायचा आहे. तिने फ्रान्समधली १८३० ची निवडली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "आजोबा, ती फक्त थ्री डेज चालली. लिहायला कमी." न्यूझीलंडशी काहीतरी संबंध दाखवायची अट आहे. तो तिने शोधला. त्या क्रांतीतून जो राजा आला त्याच्या काळात फ्रेंच लोक इथे दक्षिणेत, आकारोआला, वस्ती करायला आले होते. बाकी मात्र कोरी पाटी. मी आयुष्यभर औषधं दिली, मला इतिहास येत नाही. तू एकतीस वर्षं शिकवलास. सोप्या मराठीत लिहून पाठव, मी तिला वाचून दाखवीन.

तू विचारलंस की घर कसं चाललं आहे. शिस्तीत चाललं आहे. मी चारच गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. आमच्या खोलीचं दार बंद राहील. श्यामलाची भांडी आणि निळा मग कोणी वापरणार नाही. स्वयंपाकघरातला रेडिओ तिने लावला होता त्याच स्टेशनवर राहील. आणि रात्री नऊला टीव्ही बंद. विसर पडू नये म्हणून लेबलं लावली आहेत. निवृत्त झाल्यावर औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायच्या लेबलांचा छोटा प्रिंटर मी घेऊन ठेवला होता, तो उपयोगी पडला. कढईवर, शिवणाच्या डब्यावर, तिच्या बागेतल्या गमबुटांवर, सगळीकडे स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे: शिरीष यांना विचारल्याशिवाय हलवू नये. कोणाची तक्रार नाही.

शिरीष


सांगली, १ जून २०१६

भाऊजी,

गमबुटांवरचं लेबल वाचून मी चहा सांडला. ताईने ते पाहिलं असतं तर पहिलं लेबल तुमच्या कपाळावर लावलं असतं.

ओवीसाठी लिहिते. राजाचं नाव दहावा चार्ल्स. वय बहात्तर. वागायला सभ्य, घोड्यावर छान बसायचा, देवाधर्माचं करायचा. वाईट माणूस नव्हता, हे तिला आधी सांगा. मुलं राजा म्हटलं की लगेच राक्षस काढतात. त्याचं दुखणं एकच होतं. तरुणपणी त्याने जे फ्रान्स पाहिलं होतं, ते मोठ्या क्रांतीत नाहीसं झालं. याला वाटायचं, सगळं पूर्वी होतं तसंच्या तसं राहावं. मधली चाळीस वर्षं झालीच नाहीत असं धरून तो चालला होता.

२५ जुलै १८३० ला त्याने चार हुकमांवर सही केली. वर्तमानपत्रांचं स्वातंत्र्य बंद. नव्याने निवडून आलेली सभा बसण्याआधीच बरखास्त. मतदार आणखी कमी. आणि त्या कमी मतदारांवर पुन्हा निवडणूक. दुसऱ्या दिवशी हुकूम छापून आले. राजा त्या दिवशी शिकारीला गेला. कोणाची तक्रार नाही असं त्यालाही वाटत होतं.

तुम्हाला एक विचारायचं आहे. चारच हुकूम, ते मोजले. नऊला टीव्ही बंद कशासाठी? टीव्ही बैठकीच्या खोलीत, तुमची झोपायची खोली पार दुसऱ्या टोकाला. मी २००९ मध्ये येऊन राहिले आहे. तिथे आवाज पोचत नाही.

सुनेत्रा


पापाकुरा, १८ जून २०१६

सुनेत्रा,

ओवीला वाचून दाखवलं. राजा मला फार हट्टी वाटला. आमच्याकडे असे पेशंट यायचे. गोळ्यांचा कोर्स संपला तरी तेच औषध पुन्हा मागायचे, कारण ते चालू असताना बरं वाटत होतं. मी हे ओवीला सांगितलं. ती इतकी हसली की इराही काही न समजता हसायला लागली. मग ओवीने फ्रिजकडे पाहिलं, फ्रिजवरच्या लेबलाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, आजोबा. आय गॉट माय प्रोजेक्ट." इकडची मुलं "मस्त"ला स्वीट अ‍ॅज म्हणतात.

मुलीला इतिहासाची गोडी लागते आहे. तू न लिहिलेल्या गोष्टीही तिला ठाऊक असतात. राजाच्या सैनिकांना त्या दिवशी वेळेवर जेवण मिळालं नव्हतं, असं परवा सांगत होती. इंटरनेटवर वाचलं म्हणाली.

टीव्हीचं म्हणशील तर घर लहान आहे, आवाज येतो.

आता एक गोष्ट लिहितो, ती कोणाला बोललो नाही. गेल्या शनिवारी श्रुतीच्या पर्समधून रंगाच्या दुकानातलं एक कार्ड पडलं. भिंतींच्या रंगाचे नमुने होते. त्यावर पेन्सिलने "बाबांची रूम" असं लिहिलेलं. मी उचलून दिलं. ती म्हणाली, "अहो बाबा, हे असंच." संध्याकाळी समीर आणि ती हळू आवाजात बोलत होती. मी गेलो तेव्हा दोघं भाजीबद्दल बोलायला लागली.

ओवी आणि इरा एका खोलीत झोपतात. ओवी मोठी झाली, तिला वेगळी खोली हवी असणार. त्यात चूक काही नाही. समीर उद्या म्हणाला की बाबा, ती खोली ओवीला देऊ, तर मी काय सांगणार? घर त्याचं आहे. पण ती खोली उघडली, रंग लावला, श्यामलाचं कपाट हलवलं, की मग माझ्याकडे काय राहिलं ते मला समजत नाही. म्हणून मी दारावर दुसरं लेबल लावलं. मोठ्या अक्षरात.

राजाचं पुढे काय झालं ते लिही.

शिरीष


सांगली, ३ जुलै २०१६

भाऊजी,

पुढे तीन दिवस झाले. २७ तारखेला पत्रकारांनी बंदी झुगारून वर्तमानपत्रं छापली. पोलीस छापखाने मोडायला गेले. रस्त्यावर माणसं जमली, गोळ्या सुटल्या. २८ ला पॅरिसच्या गल्ल्यांत अडसर उभे राहिले. लोकांनी फरसबंदीचे दगड उखडले, गाड्या उलटवल्या, झाडं पाडली, घरातली टेबलं-खुर्च्या खाली आणली. बायका वरच्या मजल्यांवरून सैनिकांच्या डोक्यावर हाताला येईल ते टाकत होत्या. प्रचंड उकाडा होता. २९ ला राजाच्याच काही पलटणी लोकांना जाऊन मिळाल्या आणि राजवाडा पडला.

राजा शहराबाहेरच्या महालात होता. तिथून धूर दिसत होता, तोफा ऐकू येत होत्या. असं सांगतात की तो संध्याकाळी नेहमीप्रमाणे पत्ते खेळत बसला. ओवीला हे नक्की सांगा. मुलांना पत्त्यांचं लक्षात राहतं.

२ ऑगस्टला त्याने राज्य सोडलं. मुलाला वगळून नातवाच्या नावाने सोडलं. पण नातवाला कोणी विचारलं नाही. भाऊबंदांपैकी लुई फिलिप बाजूलाच उभा होता, तो येऊन बसला.

आता तुमचं. समीरने अजून काही मागितलेलं नाही आणि तुम्ही नकाराची तयारी करून बसला आहात. खोली कोणाला द्यायची, हे मी सांगणार नाही. ताईची खोली आहे, माझाही त्यात जीव आहे. मला एवढंच सांगा, त्या खोलीत तुम्ही स्वतः शेवटचे कधी गेलात? लेबल लावायला गेलात ते धरू नका. ते दाराच्या बाहेरून लावलंय.

सुनेत्रा

ता. क. ओवीला मी काही वेगळं कळवत नसते. तुम्हाला तशी शंका आली असेल तर काढून टाका.


पापाकुरा, २६ जुलै २०१६

सुनेत्रा,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या वेळी देतो. शंका मला आली नव्हती, तू लिहिल्यावर आली.

आज सकाळी फ्रिजवर छापलेला कागद होता. मथळा होता, "दहावे शिरीष यांचे चार हुकूम". खाली माझ्याच चार गोष्टी आणि आजची तारीख. भाषा मराठी होती. ओवीला इतकं शुद्ध मराठी लिहिता येत नाही. मी हसलो आणि कागद तिथेच राहू दिला. प्रोजेक्ट आहे, शुक्रवारी द्यायचा आहे.

बाहेर पाऊस आणि आठ अंश. आज लेबलांचा एक नवा रोल आणला.

शिरीष


पापाकुरा, ३१ जुलै २०१६

सुनेत्रा,

तारखेवारीने लिहितो.

बुधवार. मी लायब्ररीतून संध्याकाळी आलो तर टेबलावर पिठलं होतं, श्यामलाच्या कढईत. कढईवरचं लेबल नव्हतं. इरा निळ्या मगमधून दूध पीत होती. रेडिओवर ढणाढणा गाणी लागली होती. मी इराकडे पाहिलं. ती म्हणाली, "प्रेस फ्रीडम, आजोबा." श्रुती पोळ्या लाटत होती, तिने पाठ फिरवली. खांदे हलत होते, त्यावरून हसत असावी. मी हात धुऊन बसलो. जेवलो. पिठलं चांगलं झालं होतं. नंतर मी सहा नवीन लेबलं छापली.

गुरुवार. शाळा बुडवायची नाही ही श्रुतीची अट असल्यामुळे क्रांती साडेतीननंतर सुरू झाली. चार वाजता बैठकीच्या खोलीच्या दारात अडसर तयार होता. जेवणाच्या चार खुर्च्या, सोफ्याच्या उशा, कपडे वाळत घालायचा स्टँड, इराची स्कूटर, आणि पायाला तांदळाची दहा किलोची पिशवी. वर तीन रंगांचे तीन टॉवेल बांधलेले. ओवी डोक्यावर भाजी धुवायची चाळणी घालून उभी होती.

"ओवी, मला आत जायचं आहे."

"पासवर्ड, आजोबा?"

"मला माहीत नाही."

"देन सॉरी. द पीपल से नो."

"पीपल कोण?"

इराने खुर्च्यांमधून हात वर केला.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत बसलो. सोमवारची सकाळ, सोमवारची रात्र. बुधवारपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की हे पत्ते खेळणंच झालं.

सहाला समीर आला. मला बरं वाटलं. मी म्हटलं, "समीर, हे उचलून ठेव." तो माझ्यासारखाच आहे, बोलत नाही. मग खांद्यावरची लॅपटॉपची बॅग काढली, अडसरावर नीट ठेवली आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. "सॉरी बाबा," म्हणाला. आतल्या बाजूने टाळ्या पडल्या.

आता तुला सांगायला हवं. तू टीव्हीबद्दल विचारलंस तेव्हा मी खोटं लिहिलं. ती गेल्यापासून मी बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. खोलीत गेलोच नाही. कपडे श्रुतीने पहिल्या आठवड्यात बाहेर आणून दिले. सुरुवातीला चार दिवस म्हणालो होतो. मग नऊला टीव्ही बंद करून सगळे आपापल्या खोलीत जायला लागले आणि ती पद्धत पडली. मुली टीव्ही बघत नाहीत, समीर मॅच बघत नाही, घरात कोणी पाहुणा थांबत नाही. मला वाटत होतं की मी कोणाला त्रास देत नाही.

त्या दिवशी माझं अंथरूण अडसराच्या आत होतं. श्रुतीने माणुसकीच्या कारणावरून दोन खुर्च्या बाजूला करायला लावल्या आणि मला उशीसकट आत सोडलं. शत्रूच्या मुलखात झोपलो.

शुक्रवार. सगळे बाहेर गेल्यावर चहाच्या कपाखाली ओवीचा कागद सापडला. मागण्या म्हणून वर लिहिलेलं होतं आणि मागणी एकच. राजाने स्वतःच्या खोलीत झोपावं. खाली चार सह्या. इराची सही म्हणजे एक मांजर.

मी तो दोनदा वाचला. खोली ओवीला हवी आहे असं मी दीड महिना धरून चाललो होतो. ते कागदात कुठेही नव्हतं.

अकराला मी दार उघडलं. पहिल्यांदा वास आला. बाहेरच्या भिंतीवर, कपाटामागे, वीतभर रुंद काळी बुरशी चढली होती. कपाटात साड्यांवर ठिपके. तिची उशी दमट. अठरा महिने बंद, न तापवलेली खोली, इथल्या दोन हिवाळ्यांत दुसरं काय होणार. कोरड्या व हवेशीर जागी ठेवावे, हे मी स्वतःच्या हाताने लाखभर बाटल्यांवर चिकटवलं असेल.

मी पलंगाच्या कडेवर बसलो होतो. किती वेळ ते माहीत नाही. श्रुती पाळी संपवून आली, बादली आणि व्हिनेगर घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मला मार्चपासून दारातून वास येत होता. तुम्हाला सांगायचं कसं ते कळत नव्हतं. ते कार्ड बुरशीच्या रंगाचं होतं. म्हणजे बुरशी न धरणाऱ्या." मग आम्ही दोघांनी कपाट पुढे ओढलं. मी रडलो थोडा. ती भिंत पुसत राहिली, ते बरं झालं.

संध्याकाळी मी राजीनाम्यावर सही केली. मसुदा ओवीचा. बैठकीच्या खोलीवरचा हक्क आणि नऊ वाजताचा टीव्ही मी नातींच्या नावाने सोडला. खोलीत अजून झोपायला गेलेलो नाही. रंग व्हायचा आहे, असं सांगितलं आहे.

जुलैमध्ये हे सगळं तुझ्या मदतीने झालं का, ते लिही. खरं लिही.

साड्या बाहेर काढून वाळत घातल्या आहेत. ठिपके पडलेल्यांत एक जांभळी इरकल आहे, लाल पदराची. ती कशी धुवायची तेही कळव.

शिरीष


सांगली, १३ ऑगस्ट २०१६

भाऊजी,

जांभळी इरकल माझी आहे.

१९८९ च्या दिवाळीत ती कपाटातून गेली. मी मोलकरणीवर संशय घेतला, आईवर घेतला. ताईवर घेतला नाही, कारण तिने माझ्याबरोबर तीन दिवस शोधली होती. सत्तावीस वर्षं. तिने ती न्यूझीलंडला नेली आणि २००९ मध्ये मी तुमच्याकडे दीड महिना राहिले तेव्हा कपाटाला कुलूप लावून ठेवलं. मला वाटलं, दागिने असतील. ती समोर असती तर भांडले असते. आता कोणाशी भांडू ते सांगा. काल दिवसभर चिडले होते आणि संध्याकाळी एकदम हसू फुटलं, मग थांबेना.

रेशमी काठ आहेत, रिठ्याच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. उन्हात टाकू नका. आणि परत पाठवू नका. श्रुतीला द्या. बादली घेऊन आली म्हणून.

आता कबुली. मे महिन्याच्या अखेरीला ओवीने मला व्हिडिओवर फोन केला. तिला प्रोजेक्टचं काही विचारायचं नव्हतं. "मावशीआजी, आजोबा लाउंजमध्ये झोपतात. मी त्यांना विचारलं तर ते वेदरबद्दल बोलतात. व्हॉट डू आय डू?" असं म्हणाली. मी म्हटलं, बोलू नकोस, त्यांच्याशी बोलून उपयोग नाही, बहीण तेहतीस वर्षं बोलून पाहत होती. काहीतरी करून दाखवावं लागेल. फ्रिजवरचा कागद माझा. तांदळाची पिशवी माझी कल्पना, खुर्च्या सरकू नयेत म्हणून. चाळणी तिची स्वतःची. समीर फुटेल याची आम्हाला खात्री नव्हती. तो तिकडे आपणहून गेला.

तेव्हा मी दोषी आहे. पण एक ऐका. राजाला त्याच्या महालात परत बसवण्यासाठी लोकांनी रस्त्यावर यावं, असं मी तरी एकतीस वर्षांत कधी शिकवलं नाही. त्या मुलीने ते उलटं केलं. मी असते तर तिला पूर्ण गुण दिले असते.

रंग वाळायला दोन दिवस लागतात, भाऊजी. आज तेरा तारीख आहे.

सुनेत्रा


पापाकुरा, २८ ऑगस्ट २०१६

सुनेत्रा,

इरकल धुतली. दोन ठिपके राहिले. श्रुतीला तिची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, ठिपके राहू देत, आई पकडल्या गेल्याचा पुरावा आहे.

प्रोजेक्टला चांगला शेरा मिळाला. शिक्षिकेने शेवटी विचारलं आहे की राजा आता कसा आहे. नातींना दिलेलं राज्य मात्र त्यांच्याकडे टिकलं नाही. पहिल्याच शनिवारी रिमोट समीरने घेतला, रग्बीची मॅच होती. ओवी त्याला आता लुई फिलिप म्हणते.

लेबलं काढताना सगळी निघाली नाहीत. गमबुटांवरचं तसंच आहे. श्रुती ते बूट घालून भाज्यांच्या वाफ्यात जाते. मला विचारत नाही.

मी गेल्या सोमवारपासून खोलीत झोपतो. पहिल्या दिवशी माझ्या बाजूच्या भिंतीला रंगाचा वास होता, म्हणून श्यामलाच्या बाजूला झोपलो. ती बाजू स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे. मला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं, की तिथून घरातलं सगळं ऐकू येतं. ती रोज सकाळी उठून मला सांगायची, आज समीरला उशीर होणार, आज ओवीचं पोट दुखतंय. मी विचारायचो, तुला कसं कळतं? ती म्हणायची, कळतं.

मंगळवारी साडेसहाला जाग आली. भिंतीपलीकडे किटली चालू होती. इराने एक बूट हरवला होता. श्रुती म्हणाली, "बाबांना उठवू का रे, चहा झालाय." समीर म्हणाला, "नको, झोपू दे. किती दिवसांनी नीट झोपलेत."

मी पूर्ण जागा होतो. पण त्याचं म्हणणं खोटं पडू नये म्हणून सात वाजेपर्यंत तसाच पडून राहिलो.

शिरीष